नारळ न आणलेल्या बायका

काढ्याच्या बाटलीच्या लेबलावर 'पाळी' हा शब्द घालायचा की नाही, यावर नांदणीकरांच्या बैठकीत तीन पुरुषांनी सव्वा तास घालवला. चौथे पुरुष म्हणजे छापखानेवाले रशीदभाई. ते लेबलाचा नमुना मांडीवर ठेवून नुसतेच बसले होते, कारण त्यांना छापायचं होतं आणि छापायला शब्द लागतात. घरातल्या बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ज्यांना पाळी येते त्या दाराच्या आत, आणि जे तिच्यावर ठराव करणार ते सोफ्यावर, अशी ती रविवार सकाळची सभा होती.

नृसिंहअण्णांनी 'ऋतुदोष' सुचवला. त्यांना मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण अजून कुठलाही विषय ते फळ्यावर लिहिल्यासारखाच मांडत. त्यांचा मोठा मुलगा बाळासो 'बायकांची अडचण' यावर अडून बसला होता. बाळासोचा मुलगा मोहित पुण्याहून एमबीए करून आला होता, त्याला मराठीतच लाज वाटत होती. तो म्हणाला, 'विमेन्स वेलनेस' लिहा आणि विषय संपवा.

रशीदभाईंनी चष्मा काढून पुसला. "अडचण लिहितो की बाळासो, माझं काय जातंय. पण कसली ते तरी कळू दे लोकांना. अडचण गाडी लावायची बी असती."

दारात उभ्या असलेल्या बाळासोच्या बायकोला, प्रमोदिनीला हसू आलं, आणि हसल्याबरोबर ओटीपोटात कळ आली. तिने चौकट धरली. ती सकाळपासून बसलीच नव्हती. नव्या सोफ्यावर बसायची तिला भीती वाटत होती, आणि गेले सात महिने ती गडद रंगाच्याच साड्या नेसत होती. काळपट जांभळी, काळपट हिरवी, काळपट निळी. या घरात भाजीत मीठ कणभर कमी पडलं तर तिघांच्या लक्षात यायचं, पण सात महिन्यांत साडीचा रंग एकाच्याही लक्षात आला नव्हता.

तिची पाळी एक्कावन्नाव्या वर्षी गेली होती. दीड वर्ष अगदी निवांत गेलं. मग गौरी-गणपतीच्या धामधुमीत एक दिवस पुन्हा रक्त दिसलं आणि तेव्हापासून ते थांबतच नव्हतं. चार दिवस जायचं, एखादा दिवस बंद, परत पंधरा दिवस. प्रमोदिनीची मुलगी मैथिली एकदा शेजारच्या बाईला सांगत होती, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासून घ्यायचं, बहुतेकींचं साधंच निघतं, पण बघितल्याशिवाय कळत नाही. प्रमोदिनी तेव्हा शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिने ते ऐकलं आणि त्या रात्रीपासून काढ्याचा डोस एकवेळचा दोनवेळ केला. तिला कॅन्सरची भीती वाटत होती. तो शब्द तिने मनातसुद्धा पुरा उच्चारला नव्हता.

आणि काढा तर ती स्वतःच करत होती.

गेल्या वर्षी वाटणी झाली तेव्हा तेलघाणा धाकट्या भावाकडे गेला आणि बाळासोच्या वाट्याला जयसिंगपूरचा एक गाळा आणि हा काढा आला. गाळ्याचं भाडं वेळेवर येत नव्हतं. मग बाळासोला काढ्यात देव दिसायला लागला. काढा त्याच्या आईचा, साऱ्या गल्लीच्या अक्कांचा. अशोकाची साल, लोध्र, सुंठ, बडीशेप आणि आणखी सात वस्तू. अक्कांनी तो जन्मभर फुकट दिला. एकच रीत होती, गुण आला की बाईने नारळ आणून देवापुढे ठेवायचा. अक्का जाऊन एकवीस वर्षं झाली तरी नारळ येत होते, आणि घरात चटणीला कधी नारळ विकत आणावा लागला नव्हता.

अक्कांचा दुसरा एक नियम होता, तो मात्र फार कडक. जी बाई बाजूला बसलेली असेल तिने काढ्याच्या पातेल्याला हात लावायचा नाही. म्हणजे ज्या त्रासावर औषध, तो त्रास औषधाच्या आसपास फिरकता कामा नये. पोहणं शिकवणाऱ्याने कोरडंच राहावं, तशातली ही गत. अण्णांना त्यात फार मोठं शास्त्र दिसत असे. बाळासोने तर लेबलावर ठळक अक्षरांत घालायला सांगितलं होतं, 'संपूर्ण सोवळ्यात तयार केलेला'.

उचगावच्या शेडमध्ये आता सहाशे बाटल्या भरून तयार होत्या. अक्षय्य तृतीयेला बाजारात यायच्या होत्या. लेबलावर आणखी तीन गोष्टी हव्या होत्या, प्रमोदिनीचा फोटो, 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे शब्द, आणि त्याखाली औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापिका मैथिली नांदणीकर यांची सही. पहिली गोष्ट झाली होती. फोटोत प्रमोदिनीच्या ओठांना रंग लावावा लागला होता, कारण मोहितच्या मते मम्मी फार पांढरी दिसत होती.

मैथिली सही करायला तयार नव्हती. सव्वा तासाने शब्दांची चर्चा दमली आणि सगळे तिच्याकडे वळले. ती दाराशी आईच्या शेजारीच उभी होती.

मोहितने लॅपटॉप उघडून दाखवला. शंभर टक्के बायकांना गुण. मैथिलीने विचारलं, हा आकडा आणला कुठून. त्यावर बाळासोने जे उत्तर दिलं, तसं फक्त कोल्हापुरातच मिळू शकतं. ज्या नारळ घेऊन आल्या त्यांना गुण आला, हे तर उघडच आहे. आणि ज्या आल्या नाहीत त्यांनाही आला.

"त्यांना कसा काय?"

"अगं, कोल्हापूरची बाई हाय ती. गुण न्हाय आला तर दारात हुबी ऱ्हाऊन चार शिव्या घालंल की. चाळीस वर्सांत भांडायला कोण आलंय काय? न्हाय. मग झाली की बरी."

अण्णांनी मान डोलावली. तर्क त्यांना पटला होता. भांडणाचा अभाव हा पुरावा धरायचा म्हटलं की जगातली बरीच दुखणी बरी होतात.

मैथिली लहानपणापासून वडिलांशी भांडत आली होती, पण आज ती वर्गात बोलते तसं सावकाश बोलली. सुंठेचं म्हणाल तर पोटात दुखण्यावर तिचा थोडा उपयोग होतो, असं काही लहान अभ्यासांत दिसलंय. बडीशेपेचंही थोडंफार तसंच. पण ती पूड मोजून दिलेली होती, अकरा वस्तू उकळून त्यात गेलेली सुंठ नव्हे. जास्त रक्त जातं त्यावर अशोकाची साल ग्रंथांत आहे, परंपरेत आहे, पण नीट तपासलेलं फार थोडं आहे. काम करत नाही असं ती म्हणत नव्हती. माहीत नाही, असं म्हणत होती. शिवाय पाळीचा त्रास बऱ्याच जणींचा दोन-चार महिन्यांत आपोआपच कमी होतो. सुंठीवाचून खोकला जातो आणि नारळ मिळतो सुंठेला.

"म्हंजे सुंठ सिद्ध झाली," बाळासो म्हणाला. त्याने त्या सगळ्यातून तेवढंच उचललं होतं. "एक वस्तू सिद्ध झाली. अकरातली एक. लिवा रशीदभाई, सिद्ध."

"पप्पा, ज्या परत आल्या नाहीत त्यांना कुणी जाऊन विचारलं का? एकीला तरी?"

"दुसऱ्याच्या घरात जाऊन असलं विचारायचं असतंय व्हय?"

ते मात्र खरं होतं. असलं विचारायचं नसतं. असलं बाटलीत भरून विकायचं असतं.

मग बाळासोने हुकमाचं पान काढलं. त्याची धाकटी बहीण तेजस्वी कागलहून मुद्दाम आली होती. तिचा नवरा पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर होता. तीन वर्षांपूर्वी तिला इतकं जायचं की ती चालता चालता भिंत धरायची, आणि आता ती ठणठणीत होती. तिचे दोन शब्द लेबलाच्या मागच्या बाजूला जाणार होते. बाळासोने तिला पुढे बोलावलं, सांग म्हणाला, या शिकलेल्या बाईला जरा सांग.

तेजस्वी पदराचं टोक बोटाला गुंडाळत पुढे आली. वाटणीच्या वेळी ती बाळासोच्या बाजूने उभी राहिली होती आणि त्याबद्दल तिला अक्कांच्या पाटल्या मिळाल्या होत्या, त्या आत्ताही हातात होत्या. तिने एकदा पाटल्यांकडे पाहिलं, एकदा भाचीकडे.

"काढा घेत होते मी," ती म्हणाली. "म्हंजे पहिले दोन म्हैनं. मग ह्यांच्या कंपनीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त बघितलं. सहा पॉइंट काहीतरी होतं. गोळ्या दिल्या, लोहाच्या सुया दिल्या. त्यानं थांबलं."

"आणि मी दर म्हैन्याला चार बाटल्या पाठवत हुतो त्या?"

"जास्वंदीला घालत होते, दादा."

रशीदभाईंनी छताकडे पाहिलं.

"जास्वंद मात्र लई फुलली," तेजस्वी म्हणाली. तिला बहुधा भावाला काहीतरी बरं सांगायचं होतं.

बाळासोचा चेहरा पडला, पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. कागलचं राहू दे, तो म्हणाला, सासरी गेलेली बाई दुसऱ्या घरची, तिचं पाणी वेगळं. या घरातलं बघा. त्याने रशीदभाईंच्या मांडीवरचा नमुना ओढून घेतला आणि मागच्या कोऱ्या जागेवर स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. 'आमच्या घरातील स्त्रियांना आजवर दवाखान्याची पायरी चढावी लागलेली नाही.'

अण्णा म्हणाले, "उत्तम. हे सत्य आहे आणि मोजकं आहे." मोहितलाही ते आवडलं. ते प्रमोदिनीच्या फोटोखाली घालायचं ठरलं.

रशीदभाईंनी कागद परत घेतला. त्यांच्या छापखान्यातून एकदा लग्नपत्रिकेवर नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव गेलं होतं, तेव्हापासून ते ज्याचा मजकूर त्याला विचारल्याशिवाय छापत नसत. ते सोफ्यावरून वळले आणि थेट दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, फोटो तुमचा हाय, म्हणून तुमास्नी इचारतो. हे खरं हाय न्हवं? छापल्यावर मग बदलता येत न्हाय."

या घरात अठ्ठावीस वर्षांत प्रमोदिनीला पुष्कळ गोष्टी विचारल्या गेल्या होत्या. चहा झाला का, किल्ली कुठे आहे, उद्या कोण येणार आहे. खरं आहे का, असं कुणी विचारल्याचं तिला आठवेना. बाळासो तिच्याकडे बघत होता आणि त्याची मान आधीच होकारासाठी हलायला लागली होती. व्हय म्हटलं की संपलं, हे तिला समजत होतं. मग फोटो सहाशे बाटल्यांवर जाणार, आणि ज्या बाईला दवाखाना माहीतच नाही तिने दवाखान्यात जायचं कसं?

"न्हाय, रशीदभाई," ती म्हणाली. "खरं न्हाय."

"अगं..." बाळासो म्हणाला.

"पाळी बंद झालीती माझी. दीड वर्स काय न्हवतं. गौरी-गणपतीपासनं परत रक्त जातंय. सात म्हैनं झाले. आत्ता हुबी हाय तवा बी जातंय." ती हे बाळासोला नाही, अण्णांना नाही, रशीदभाईंना सांगत होती, कारण विचारलं त्यांनी होतं. "आणि काढा घेतीया मी. सकाळ-संध्याकाळ. एक दिस चुकवला न्हाय."

जो शब्द लिहावा की नाही यावर सव्वा तास गेला होता, तो बैठकीत आला, सोफ्यावर बसला, आणि काहीच कोसळलं नाही. मोहित लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. मैथिलीने आईचा दंड धरला. तिला राग आला होता, आईचा आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती शंभर मुलींना रोज शिकवत होती आणि घरातली एक बाई पांढरीफटक पडत चालली होती, ते तिला दिसलं नव्हतं. "सात महिने, आई?" एवढंच ती म्हणाली, आणि रडू नये म्हणून तोंड वळवून उभी राहिली.

बाळासोला मात्र भलतंच काहीतरी उमगत होतं. त्याचे ओठ हलत होते.

"सात म्हैनं," तो म्हणाला. "म्हंजे उचगावचा सगळा माल... तूच ढवळलास की तो."

"मीच ढवळला. दुसरं कोण हाय?"

"त्या दिसांत?"

"त्याच दिसांत. दुसरे दिस हुते कुठं?"

आता पेच पडला. नियम खरा मानावा तर सहाशे बाटल्या गटारात ओताव्या लागत होत्या. नियम खोटा मानावा तर अक्का खोट्या पडत होत्या. आणि दोन्ही बाजूला ठेवलं तरी काढा बनवणारीलाच काढ्याचा गुण नव्हता. बाळासोने आशेने अण्णांकडे पाहिलं. अण्णा पन्नास वर्षं शास्त्रार्थ सांगत आले होते. रजस्वला म्हणजे नेमकं काय, वयोमर्यादा काय, आपद्धर्म काय, यातून ते नक्की वाट काढतील असं त्याला वाटलं. मोहितने सुचवलं की हे बाहेर सांगायची गरजच काय. तेजस्वी त्याला म्हणाली, "तुझी आई हाय ती, माल न्हवं." वाटणीनंतर पहिल्यांदाच ती बाळासोच्या विरुद्ध बाजूला, प्रमोदिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

अण्णांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर सारखा केला. मग म्हणाले, "हिच्या सासूलाही जात होतं."

"आईला? आईला तर कावीळ झालीती."

"कावीळ आपण लोकांना सांगितली." मुख्याध्यापकांचा आवाज एकदम बारीक झाला. "वर्षभर जात होतं तिला. ती म्हणाली होती, मला मिरजेला न्या, दवाखान्यात दाखवून तरी आणा. मीच म्हटलं, काढेवालीच मिरजेला गेली म्हटल्यावर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, बरं. पुन्हा विचारलं नाही तिने."

बाळासो पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्या क्षणी तो अगदी पोरका दिसला. प्रमोदिनीला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्हींतलं जास्त काय ते तिला ठरवता येईना. एकवीस वर्षं ती ज्या बाईच्या फोटोला रोज हळदकुंकू वाहत होती, ती बाई 'बरं' म्हणून मेली होती. आणि आपणही सात महिने रोज सकाळी मनातल्या मनात तेच म्हणत आलो, हे तिला लख्ख कळलं. तिला फार भीती वाटली. पण काढा पिताना वाटायची तशी ती भीती नव्हती. ही अंगावर आली तशी पायांतही आली, आता चालायला पाहिजे म्हणून.

रशीदभाई उठले. लेबलाचा नमुना त्यांनी चार घड्या करून खिशात घातला. "इरम सकाळी धाला बसती," ते म्हणाले. इरम म्हणजे त्यांची मुलगी, शाहूपुरीत तिचा बायकांचा दवाखाना होता. "सांगून ठेवतो. नंबर लावायला नको."

"कोल्हापुरात नको," बाळासो एकदम म्हणाला. "दाखवायचं तर दाखवू, मी न्हाय कुठं म्हणतोय. बेळगावला जाऊ. गाडी करतो. तिथं कोण वळखत न्हाय."

"अहो," प्रमोदिनी म्हणाली, "मला बेळगावला जाईपर्यंत बसवत न्हाय. रिक्षानं जाते मी. यायचं असलं तर या."

तो आला. खरं तर रात्रभर तो जागाच होता. पहाटे त्याने तिच्यासाठी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरला, आणि तिने तो तसाच प्यायला. मैथिली रिक्षात दोघांच्या मध्ये बसली.

दवाखान्यात गर्दी होती. खुर्च्यांवरच्या दोघी-तिघींनी प्रमोदिनीला ओळखलं आणि ओळख दाखवावी की नाही असा विचार करत त्या जमिनीकडे बघत राहिल्या. काढा त्यांनी नेला होता, नारळ मात्र कधी आणला नव्हता. काउंटरवरच्या मुलीने एक कागद दिला, हा भरून द्या म्हणाली. अर्ज भरणं हे घरात बाळासोचं काम. त्याने खिशातलं पेन काढून भराभर भरायला घेतलं. नाव, वय, पत्ता, रक्तगट माहीत नाही. त्रासाच्या रकान्यात तो थोडा थांबला, आणि मग त्याने 'पाळी' असं लिहिलं, स्पष्ट अक्षरात. प्रमोदिनीला ते दिसलं. सव्वा तासाचं काम एका मिनिटात झालं होतं. तिला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

त्याखाली होतं, 'यापूर्वी घेतलेले उपचार'. बाळासोने इकडेतिकडे पाहिलं. खुर्च्यांवरच्या बायकांकडे पाहिलं. मग कागदावर हात आडवा धरून लिहिलं, 'काही नाही', आणि उठायला लागला.

"द्या इकडं," प्रमोदिनी म्हणाली.

"झालंय की भरून."

"द्या."

तिने कागद गुडघ्यावर ठेवला. बाळासोने लिहिलेलं एका रेघेने खोडलं आणि वरच्या मोकळ्या जागेत, खरेदीची यादी लिहावी तशा शांत हाताने लिहिलं, 'नांदणीकर काढा. रोज दोन वेळा, सात महिने. गुण नाही.' मग काउंटरपाशी जाऊन तिने त्या मुलीला विचारलं, सही कुठे करायची, आणि मुलीने बोट ठेवलं तिथे पूर्ण नावाने सही केली.